यंत्राचे दोष धुंडाळणारी विदुषी : ग्रेस हॉपर

शालेय अंकांतून थोर व्यक्तींची चरित्रे नेहमीच प्रसिद्ध होत असतात. रणांगण गाजविणारे वीर, समाजासाठी झिजणारे सुधारक, नवे शोध लावणारे शास्त्रज्ञ यांच्या कथा वाचून आपण प्रभावित होतो. परंतु चुका शोधण्यात आणि त्या निस्तरण्यात जिने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली, अशा व्यक्तीचे चरित्र सहसा आपल्या वाचनात येत नाही. चुका शोधण्याचे काम तसे कोणालाच प्रिय नसते. दुसऱ्याच्या चुका दाखविणारा लोकांना नकोसा वाटतो, आणि स्वतःची चूक शोधावयास बसणे तर त्याहूनही जड जाते. असे असूनही, आज ज्या संगणकांवर रेल्वे, बँका, रुग्णालये आणि शाळा चालतात, ते संगणक विश्वासास पात्र ठरले याचे पुष्कळसे श्रेय या अप्रिय कामाला आहे. हे काम ज्यांनी शास्त्राच्या योग्यतेला नेले त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेच्या आरमारातील विदुषी ग्रेस हॉपर. त्यांच्या जीवनाचा परिचय करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यांचे कार्य नीट समजावे म्हणून प्रथम आपल्या सुरतेतीलच एक परिचित गोष्ट घेऊ. उधना आणि लिंबायत या भागांत खानदेशातून आलेली कितीतरी मराठी कुटुंबे वर्षानुवर्षे राहत आहेत, आणि त्यांतील अनेकांची उपजीविका यंत्रमागावर चालते. नक्षीचे कापड विणणारा जेकार्ड माग आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. फ्रान्समधील लियाँ शहराच्या जोसेफ जेकार्ड या कारागिराने सन १८०४ च्या सुमारास त्याला पूर्णरूप दिले. या मागाच्या जुन्या प्रकारात भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची एक लांब माळ असते. पुठ्ठ्यात जेथे भोक असेल तेथला आकडा वर उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचा धागा उचलला जातो, आणि त्याखालून बाण्याचा धागा निघून जातो. एका पुठ्ठ्यामागून दुसरा पुठ्ठा येत राहतो आणि कापडावर फूल उमलते. पुठ्ठा म्हणजे आज्ञा, आणि आकडा म्हणजे ती आज्ञा पाळणारा हात, असे समजावयास हरकत नाही.

आता समजा, कापडावर नक्षी बिघडली. दोष कोणाचा? पुठ्ठ्याचा की आकड्याचा? अननुभवी माणूस एकदम मागाला दोष देईल किंवा पुठ्ठे पाडणाऱ्याला बोल लावील. जाणता कारागीर तसे करणार नाही. तो कापड लांबवर पसरून पाहील. प्रत्येक फुलाच्या त्याच एका ओळीत खोट दिसत असेल आणि बाकीची नक्षी स्वच्छ असेल, तर त्या ओळीचा पुठ्ठा त्याच्या संशयाला पात्र ठरेल. परंतु पुठ्ठा कोणताही असो, एकच विशिष्ट धागा सर्वत्र हुकत असेल, तर पुठ्ठे निर्दोष आहेत आणि आकडा किंवा त्याची दोरी बिघडली आहे, हे तो ओळखील. आज्ञा चुकली की आज्ञा पाळणारे यंत्र चुकले, हा प्रश्न असा पुराव्याने सोडवावा लागतो.

संगणकाच्या अंतरंगातही हाच प्रश्न उभा राहतो. संगणकाचा सर्व कारभार पाहणाऱ्या मुख्य प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि तिच्या गाभ्याला कर्नेल असे नाव आहे. पडदा, कळफलक, छपाईयंत्र, स्मृतीच्या चकत्या ही सारी उपकरणे वेगवेगळ्या कारखान्यांत बनलेली असतात आणि प्रत्येकाची भाषा निराळी असते. म्हणून गाभा आणि उपकरण यांच्यामध्ये एक दुभाष्या ठेवावा लागतो. तोच ड्रायव्हर होय. साधा प्रोग्राम चुकला तर बहुधा तो एकटाच बंद पडतो. परंतु पुष्कळ ड्रायव्हर गाभ्याच्या आतच काम करीत असल्यामुळे त्यांतील एका चुकीने अवघा संगणक कोलमडू शकतो. शिवाय दोष दुभाष्याचा की उपकरणाचा, हे वरवर पाहून कळत नाही. यास्तव ड्रायव्हरची कसोटी घेणे आणि त्यातील दोष शोधणे हे संगणकशास्त्रातील अत्यंत चिकाटीचे काम समजले जाते. ड्रायव्हर हा शब्द रूढ होण्यापूर्वी, संगणक नुकताच जन्माला येत असताना, यंत्र आणि आज्ञा यांच्या सीमेवर उभे राहून हे काम करणाऱ्या पहिल्या पिढीत ग्रेस हॉपर होत्या.

ग्रेस यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क शहरी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव मरे. तीन भावंडांत त्या थोरल्या. वडील विम्याच्या व्यवसायात होते आणि मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आईला गणिताची आवड होती. पणजोबा अमेरिकेच्या आरमारात मोठ्या हुद्द्यावर होते, आणि त्यांच्याविषयीचा आदर लहानग्या ग्रेसच्या मनात ठसला होता.

वयाच्या सातव्या वर्षी या मुलीने एक उद्योग केला. गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने एक घड्याळ उघडले. सुटे झालेले भाग पुन्हा जुळेनात, तेव्हा पहिले कसे जोडावे हे कळावे म्हणून तिने दुसरे उघडले. असे करता करता घरातील सात घड्याळे तिने खोलून ठेवली. आईच्या हे ध्यानात आल्यावर तिने मुलीचे कुतूहल मारून टाकले नाही. खेळावयास एक घड्याळ देऊन बाकीच्यांना हात लावू नये, एवढाच निर्बंध तिने घातला. एखादे यंत्र बिघडल्याचे दिसले की चांगले चालणारे तसलेच यंत्र शेजारी ठेवून दोहोंतील फरक पाहावा, ही दोषशोधनाची एक मूलभूत रीत आहे. त्या मुलीला ती नकळत सापडली होती, असे आम्हांस वाटते.

या हुशार मुलीच्या वाट्याला अपयश आलेच नाही, असे मात्र नाही. सोळाव्या वर्षी व्हॅसर कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी लॅटिन विषयात ती अनुत्तीर्ण झाली आणि तिला एक वर्ष थांबावे लागले. पुढील वर्षी प्रवेश मिळाला. सन १९२८ मध्ये गणित व पदार्थविज्ञान घेऊन ती पदवीधर झाली. येल विद्यापीठातून १९३० मध्ये एम. ए. आणि १९३४ मध्ये गणितातील पीएच. डी. या पदव्या तिने संपादन केल्या. त्या काळी गणितात पीएच. डी. मिळविणाऱ्या स्त्रिया फारच थोड्या होत्या. याच सुमारास, १९३० मध्ये, व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे १९४५ मध्ये ती दोघे विभक्त झाली, परंतु हॉपर हे नाव त्यांनी अखेरपर्यंत ठेवले.

सन १९३१ पासून त्या व्हॅसर कॉलेजात गणित शिकवीत असत. विद्यार्थिनींकडून त्या गणितावर निबंध लिहून घेत आणि भाषेच्या स्पष्टतेवरही गुण देत. गणिताच्या तासाला निबंध कशासाठी, अशी कुरकूर होई. परंतु जे आपल्याला उलगडून सांगता येत नाही ते आपल्याला खरोखर समजलेले नसते, असे हॉपरबाईंचे मत होते. पुढे संगणकाला आज्ञा लिहिताना हीच सवय त्यांच्या कामी आली.

डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका दुसऱ्या महायुद्धात ओढली गेली. प्राध्यापिकेची सुरक्षित जागा सोडून आरमारात जावे, असे हॉपरबाईंच्या मनाने घेतले. तेथे मात्र अडचणी उभ्या राहिल्या. त्यांचे वय ठरलेल्या मर्यादेच्या पुढे गेले होते आणि वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी, म्हणजे सुमारे ७ किलोंनी, कमी होते. तरी त्यांनी आग्रह सोडला नाही. वजनाच्या बाबतीत खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी आरमाराच्या राखीव दलात प्रवेश केला. प्रशिक्षणात आपल्या तुकडीत त्या पहिल्या आल्या. जुलै १९४४ मध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील एका नव्या यंत्रावर झाली.

हे यंत्र म्हणजे मार्क १ हा प्रचंड गणक. हॉवर्ड आयकेन यांच्या कल्पनेनुसार आयबीएम कंपनीने तो बांधला होता. त्याची लांबी ५१ फूट आणि उंची ८ फूट होती. त्यात सुमारे साडेसात लाख भाग होते, आणि त्याच्या तारा एकास एक जोडल्या असत्या तर सुमारे ८०० किलोमीटर भरल्या असत्या. एक लांबलचक दांडा विजेच्या मोटारीने फिरे आणि त्यावर सारी चाके चालत. बेरजेला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा पुरे, परंतु गुणाकारास सुमारे सहा सेकंद लागत. आजच्या खिशातल्या मोबाईलपुढे ही गती नगण्य होय. पण त्या काळी माणसांचा मोठा ताफा महिनोन्महिने करील ती आकडेमोड हे यंत्र रात्रंदिवस करीत असे. तोफांच्या माऱ्याची कोष्टके, सुरुंगांसंबंधीची गणिते अशी युद्धाची कामे त्याच्याकडे येत. आकडा चुकला तर त्याचे परिणाम रणभूमीवर भोगावे लागणार होते.

या गणकाला आज्ञा देण्यासाठी भोके पाडलेली कागदाची फीत वापरीत. जेकार्डच्या पुठ्ठ्यांची ही जणू धाकटी बहीणच. फितीत एक भोक चुकीच्या जागी पडले तर उत्तर चुके. फीत अचूक असली तरी एखाद्या चाकाचा किंवा रिलेचा संपर्क नीट न झाल्यास उत्तर चुकेच. हॉपरबाई आणि त्यांचे सहकारी यांना दोन्हींकडे सारखेच लक्ष ठेवावे लागे. म्हणून ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असे गणित यंत्राला घालून पाहणे, एकच राशी दोन निरनिराळ्या मार्गांनी काढून ताडून पाहणे, आणि उत्तर अपेक्षित मर्यादेबाहेर जाताच यंत्र आपोआप थांबेल अशी तपासणी आज्ञांतच गुंफून ठेवणे, या पद्धती तेथे प्रचारात आल्या. यंत्राच्या वापराचे ५६१ पानांचे मार्गदर्शक पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच्या लेखनाचा मोठा भार हॉपरबाईंनी वाहिला होता. संगणक कसा वापरावा हे शिकविणाऱ्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

येथे एका सुप्रसिद्ध प्रसंगाचा उल्लेख करणे भाग आहे. युद्ध संपल्यावर याच प्रयोगशाळेत आरमारासाठी मार्क २ हा गणक तयार झाला. त्यात विजेच्या लोहचुंबकाने उघडझाप करणारे हजारो रिले होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी त्याच्या कसोट्या चालू असताना यंत्र चुकू लागले. तेथील मंडळींनी एकेक भाग तपासीत नेला, तेव्हा ७० क्रमांकाच्या रिलेत एक पतंग अडकून मेलेला आढळला. सुरतेच्या वाचकांना पतंग म्हटले की उत्तरायण आठवणार, म्हणून स्पष्ट करतो की हा दिव्याभोवती घिरट्या घालणारा किडा होता. त्यांनी तो चिमट्याने काढला, दैनंदिन नोंदवहीत चिकटपट्टीने डकविला आणि खाली वेळेसह नोंद केली. इंग्रजीत बग म्हणजे किडा. यंत्रातील दोषालाही त्या भाषेत पूर्वीपासून बग म्हणत, म्हणून खराखुरा किडाच सापडला याची त्यांना गंमत वाटली. ती नोंदवही आजही वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे.

या प्रसंगाविषयी लोकांत दोन गैरसमज आहेत. हॉपरबाईंनीच हा शब्द निर्माण केला असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः एडिसन याने १८७८ मधील एका पत्रातही तो याच अर्थाने वापरला होता. तसेच तो किडा हॉपरबाईंनी स्वतः शोधला नव्हता. ते काम त्यांच्या सहकाऱ्यांचे होते. बाईंनी ती कथा रंगवून सांगितली आणि जगभर पोहोचविली. आमच्या मते या कथेत किड्यापेक्षा वही महत्त्वाची आहे. दोष सापडला, तो दूर झाला, यंत्र चालू झाले, तरीही त्या लोकांनी थांबून कोणता रिले, कोणती वेळ, कोणते कारण हे लिहून ठेवले. पुन्हा तसेच घडले तर मागचा अनुभव हाताशी असावा, हा त्यामागील हेतू होता.

हार्वर्डमध्ये हॉपरबाईंना कायमची जागा मिळण्याची शक्यता नव्हती. म्हणून १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फिया येथील एकर्ट आणि मॉकली यांच्या कंपनीत दाखल झाल्या. तेथे युनिव्हॅक हा विजेच्या नलिकांचा वेगवान संगणक तयार होत होता. येथे त्यांना चुकांचे आणखी एक मूळ दिसून आले. हार्वर्डपासूनच त्या व त्यांचे सहकारी वारंवार लागणाऱ्या आज्ञांचे तपासून पाहिलेले तुकडे वहीत लिहून ठेवीत आणि नव्या गणितासाठी त्यांतून उतरवून घेत. तुकडे निर्दोष असत, पण उतरवताना चुका होत. कोठे अक्षराचा आकडा वाचला जाई, कोठे बेरीज चुके. तेव्हा बाईंनी विचार केला की नक्कल करणे आणि बेरीज करणे ही कामे माणूस कंटाळून चुकतो, आणि यंत्र तर त्याचसाठी बनविले आहे. मग हे काम यंत्रालाच का सांगू नये?

या विचारातून १९५२ मध्ये ए-० नावाचा प्रोग्राम जन्मास आला. सांगितलेले तुकडे शोधून, क्रमाने जुळवून संगणक स्वतःच पूर्ण प्रोग्राम सिद्ध करू लागला. बाईंनी त्याला कंपायलर हे नाव दिले. प्रारंभी लोकांचा यावर विश्वास बसेना. संगणक केवळ आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, अशी शंका घेतली जाई. बाई त्याने खचल्या नाहीत. पुढे त्यांनी व्यापारी हिशेबासाठी शब्दांत आज्ञा देता येतील अशी व्यवस्था बांधावयास घेतली. ती दाखविताना त्यांनी तीच आज्ञा इंग्रजीबरोबर फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही देऊन दाखविली. कंपनीचे अधिकारी त्यामुळे बिथरले. अमेरिकेत बनलेला संगणक परकी भाषा कशी समजेल, हेच त्यांना उमजेना. वास्तविक यंत्राला कोणतीच मानवी भाषा जवळची किंवा दूरची नसते. शब्द कोणता आणि त्यावर कोणती कृती, एवढे ठरवून दिले की झाले. मराठी माध्यमात शिकणाऱ्या मुलांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात ठेवावी.

शब्दांत आज्ञा देण्याच्या त्यांच्या या प्रयत्नाचा मोठा प्रभाव कोबॉल या भाषेवर पडला. ही भाषा एका समितीने १९५९-६० मध्ये तयार केली आणि हॉपरबाई तिच्या सल्लागारांत होत्या. एका कंपनीच्या संगणकासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्या कंपनीच्या संगणकावर चालावा, हा तिचा उद्देश. डिसेंबर १९६० मध्ये दोन भिन्न कंपन्यांच्या संगणकांवर एकच कोबॉल प्रोग्राम चालवून दाखविण्यात आला. त्या काळी हे नवल होते.

सन १९६६ च्या अखेरीस वयाच्या साठाव्या वर्षी आरमाराने त्यांना निवृत्त केले. परंतु काही महिन्यांतच, ऑगस्ट १९६७ मध्ये, सहा महिन्यांसाठी म्हणून त्यांना परत बोलाविणे आले. ते सहा महिने पुढे जवळजवळ एकोणीस वर्षे लांबले. काम होते कसोटीचे. आरमारात निरनिराळ्या कंपन्यांचे संगणक होते. आमचा कंपायलर कोबॉलच्या नियमांनुसार आहे, असे प्रत्येक कंपनी सांगे. प्रत्यक्षात एका यंत्रावर चालणारा प्रोग्राम दुसऱ्यावर अडे. हॉपरबाईंनी आणि त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी कंपायलरची परीक्षा घेणारे प्रोग्राम लिहिले. भाषेतील एकेका नियमासाठी एकेक प्रश्न, आणि त्याचे नेमके उत्तर ठरलेले. जो कंपायलर उत्तर चुकेल त्याचा दोष उघड होई. अशा परीक्षांची ही प्रथा पुढे अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चालू ठेवली. कंपनीच्या शब्दावर नव्हे तर कसोटीच्या निकालावर विश्वास ठेवावा, हा नियम आज ड्रायव्हर तयार करणाऱ्यांनाही लागू आहे.

हा नियम मोडला तर काय होते, याचे उदाहरण अलीकडेच जगाने अनुभवले. क्राउडस्ट्राइक या कंपनीचा सुरक्षा प्रोग्राम जगभरच्या विंडोज संगणकांवर बसविलेला आहे, आणि त्याचा एक ड्रायव्हर कर्नेलच्या आत चालत असे. १९ जुलै २०२४ रोजी कंपनीने त्याच्यासाठी एक नवी माहितीची फाईल पाठविली. त्या फाईलला एकवीस गोष्टींची अपेक्षा होती, आणि प्रोग्राम मात्र वीसच पुरवीत होता. एकविसावी गोष्ट शोधण्यासाठी ड्रायव्हरने स्मृतीतील भलत्याच जागी हात घातला, आणि गाभ्यात असल्यामुळे त्याने अवघा संगणक पाडला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. विमाने रद्द झाली, रुग्णालयांची कामे अडली, आपल्या देशातील विमानतळांवरही प्रवाशांना हाताने लिहिलेले पास देण्याची वेळ आली. कंपनीने दीड तासाच्या आतच सदोष फाईल मागे घेतली, पण पडलेले संगणक एकेक करून माणसांना उठवावे लागले. विशेष गोष्ट अशी की फाईल पाठविण्यापूर्वी ती तपासणारा प्रोग्राम होता आणि त्याने ती योग्य ठरविली होती. कारण त्या तपासनिसातच दोष होता. म्हणजे परीक्षा घेणाऱ्याचीही परीक्षा घ्यावी लागते. हॉपरबाई हयात असत्या तर या घटनेने त्यांना दुःख झाले असते, पण आश्चर्य वाटले असते असे आम्हांस वाटत नाही.

उतारवयात त्या गावोगावी व्याख्याने देत हिंडत. त्यांच्याजवळ तारेचे तुकडे असत, प्रत्येक सुमारे ३० सेंटिमीटर लांब. सेकंदाच्या अब्जाव्या भागात, म्हणजे एका नॅनोसेकंदात, प्रकाश जास्तीत जास्त एवढेच अंतर जातो. संगणकातील क्षणाचा हिशेब डोळ्यांनी दिसावा म्हणून त्या हे तुकडे श्रोत्यांना वाटीत. पूर्वीपासून असेच चालत आले आहे, हे उत्तर त्यांना मुळीच खपत नसे. म्हणूनच कार्यालयाच्या भिंतीवर त्यांनी उलटे फिरणारे घड्याळ लावले होते. काटे उलटे फिरले तरी वेळ बरोबरच कळते, हे पाहणाऱ्याला दिसावे, असा त्यात उद्देश होता. सात घड्याळे खोलणारी ती मुलगी त्यांच्यात म्हातारपणीही जागी होती.

सन १९८३ मध्ये त्यांना कमोडोर हा हुद्दा मिळाला आणि १९८५ मध्ये त्या पदाचे नाव बदलून रिअर ॲडमिरल झाले. १४ ऑगस्ट १९८६ रोजी, वयाच्या ७९ व्या वर्षी, बोस्टन बंदरातील कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर समारंभपूर्वक त्या निवृत्त झाल्या. त्या वेळी आरमाराच्या सेवेत असलेल्या अधिकाऱ्यांत त्या सर्वांत वयोवृद्ध होत्या. तरी घरी बसणे त्यांना मानवले नाही. एका संगणक कंपनीत त्या सल्लागार म्हणून काम करू लागल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय स्मशानभूमीत लष्करी सन्मानाने त्यांचे दफन करण्यात आले. अमेरिकेच्या आरमाराने एका विनाशिकेला हॉपर असे नाव दिले, आणि २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते त्यांना देशाचे सर्वोच्च नागरी पदक मरणोत्तर अर्पण करण्यात आले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, या चरित्रातून काय घ्यावयाचे? तुमच्यापैकी काही जण पुढे संगणकाच्या क्षेत्रात जातील, कोणी कर्नेलमधील ड्रायव्हरही तपासतील. त्या वेळी उपकरण नीट चालेना म्हणजे उपकरण बनविणाऱ्याला नावे ठेवावी, असा मोह होईल. आणि त्याला ड्रायव्हर लिहिणाऱ्याचा दोष दिसेल. दोघेही भांडत बसतील तोवर संगणक बंदच राहील. त्यापेक्षा ठाऊक असलेले उत्तर विचारून पाहावे, एका वेळी एकच गोष्ट बदलावी, चांगले चालणारे यंत्र शेजारी ठेवून तुलना करावी, आणि जे दिसेल ते लिहून ठेवावे.

जे संगणकाकडे जाणार नाहीत त्यांनाही हा मार्ग मोकळाच आहे. गणिताचे उत्तर चुकले की आपण घाईने ते खोडून रबराने पुसून टाकतो, जणू ते कधी लिहिलेच नव्हते. उद्यापासून एवढे करून पाहा. चुकलेले गणित पुसू नका. त्याखाली योग्य गणित करा आणि आपण नेमके कोठे घसरलो हे शेजारी एका ओळीत लिहा. वर्षाअखेरीस अशा ओळी वाचून पाहिल्यात, तर आपल्या चुका शंभर नसून त्याच चार-पाच पुन्हा पुन्हा येत असतात, असे तुमच्या ध्यानात येईल. आणि चार-पाच चुका सुधारणे कोणालाही शक्य आहे.